तिथीची पाऊणपट

बडोद्याला राहायला गेले त्या दिवशी घरमालकांचं पहिलं दर्शन झालं ते असं: नागरवाड्यातल्या त्या दोन मजली घराच्या अंगणात ते फरशीवर उताणे पडलेले, अंगावर डोक्यापासून घोट्यापर्यंत निळी ताडपत्री, फक्त पावलं बाहेर, आणि साठी उलटलेली एक बाई शेजारी उभी राहून त्यांच्यावर बादलीनं पाणी ओतते आहे. माझ्या हातात तुळशीची कुंडी होती. ती पडून फुटली. मला वाटलं, घरात कुणी तरी गेलं आहे आणि शेवटची आंघोळ चालली आहे. मी मागच्या मागे फिरणार, तेवढ्यात ताडपत्रीखालून आवाज आला, "अजून एक ओत. डाव्या खांद्यावर बराबर नाही पडलं."

मग ताडपत्री बाजूला सारून ते उठून बसले. सत्तरीला आलेले, काटक, भुवया मिशांपेक्षा दाट. मला म्हणाले, "या, या. वरची खोली तुमची ना? थोडी वार थांबा, हात पुसून किल्ली देतो." आणि बायकोकडे वळून, "एक थेंब आत नाही. चोक्कस टिकेल."

मी सांगलीची. औषधांच्या कारखान्यात तपासनिसाची नोकरी लागली म्हणून एकटीच बडोद्याला आलेली. घाबरायला मला एरवीही फार काही लागत नाही, पण त्या घरात मी तीन वर्षं काढली आणि त्या तीन वर्षांत जितक्या वेळा मी "अगं बाई!" म्हटलं, तितक्या वेळा उरलेल्या आयुष्यात म्हटलं नसेन. मी त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणू लागले. दोघं मला बेटा म्हणत. काका एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या आजोबांचे वडील रत्नागिरीकडून गायकवाडांच्या चाकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. कोकणातून त्या घराण्यानं दोनच गोष्टी आणल्या असं काका सांगत, फणसाची आठवण आणि भरतीचं गणित.

आता त्या ताडपत्रीचं सांगते. दर महिन्याला, पौर्णिमा किंवा अमावस्या बघून, काका समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर झोपायला जात. एकटे. हॉटेल नाही, धर्मशाळा नाही, तंबूसुद्धा नाही. दोन बांबू, एक काथ्याची दोरी, ती ताडपत्री, रॉकेलचा छोटा स्टोव्ह, एक पातेलं आणि एक आखूड केरसुणी. रात्रीची एसटी पकडून सौराष्ट्रात पोरबंदरपासून दीवपर्यंत कुठं तरी उतरायचं, चालत किनारा गाठायचा, दोन दिवस राहायचं आणि परत यायचं. "झोपायचे पैसे द्यायचे नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "जमीन खाली आहे, आभाळ वर आहे. यात भाडं कशाचं?" हे मला सांगताना त्यांच्या हातात माझ्याच भाड्याची पावती होती, आणि त्यांना त्यात काहीही विचित्र वाटत नव्हतं.

केरसुणी कशाला, हे मी पहिल्याच महिन्यात विचारलं. काका म्हणाले, "निघताना जागा झाडायला." म्हणजे कचरा उचलायला? नाही. कचरा तर ते करतच नसत. आपली पावलं, ताडपत्रीचा ठसा, स्टोव्हचा गोल, सगळं झाडून रेती होती तशी करायची आणि झाडत झाडत उलट चालत रस्त्याला लागायचं. "कुणाला खबर पडता कामा नये की इथे माणूस झोपला होता." एकदा पहाटे पोलिसांनी त्यांना असं उलट चालत किनारा झाडताना पकडलं. चोरटा माल पुरून ठेवला आहे असा संशय. अर्धा किनारा खणायला लावला. काकांनी स्वतः खणला, मग हवालदाराला चहा करून पाजला आणि शेवटी अर्धा किनारा पुन्हा झाडला. ही गोष्ट सांगताना ते हसत नसत. खणलेली रेती झाडून सारखी करणं किती अवघड असतं, एवढंच त्यांना सांगायचं असे.

खंडेराव मार्केटमध्ये त्यांच्याबरोबर भाजीला जाणं म्हणजे परीक्षा होती. रताळं हातात घेऊन ते भाजीवालीला विचारत, "बे दहाडा तडकामां टकशे?" दोन दिवस उन्हात टिकेल का. भाजीवाली म्हणे, टिकेल. मग कोबीचं तेच. मग दुधीचं. घरी फ्रीज होता, पण भाजी किनाऱ्याच्या मापानंच घ्यायची. घरातली भांडीसुद्धा ते रेतीनं घासत. साबण शेजारी कोरडा पडून असे.

आणि जेवताना पाढे. पावकी-निमकी आमच्या आजीला येत होती, मला नाही. काका ताटावर बसले की आधी पाऊणकी म्हणत. "आठ पाऊणे सहा, बारा पाऊणे नऊ, पंधरा पाऊणे सव्वाअकरा." तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तास पाणी उतरणार. "ना घड्याळ पाहिजे, ना तुझा मोबाईल," ते मला सांगत. "पंचांग असलं की समुद्र खिशात." मोबाईल तर ते किनाऱ्यावर नेतच नसत. शेवटच्या गावात चहावाल्याकडे ठेवायचा. तिथंच आपलं नाव सांगायचं, आधारकार्ड दाखवायचं आणि किती दिवस राहणार ते कळवायचं, हा त्यांचा नियम. पण गावाला विचारायचं ते फक्त राहण्यापुरतं. पाण्याचं नाही. पाण्याचं आपल्याला येतं.

काकूंना त्यांनी कधी नेलं नव्हतं. चाळीस वर्षांत एकदाही नाही. मला हे कळलं ते रव्याच्या डब्यामुळे.

एका रविवारी काकू देवळात गेल्या होत्या आणि मला उपम्याला रवा हवा होता. त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन मी फडताळ उघडलं. डाळींच्या डब्यांमागे कॉफीच्या रिकाम्या बाटल्यांची रांग होती. एकीचं झाकण काढून मी मूठभर कढईत टाकलं. कढईत चर्र झालं नाही, कर्र झालं. ती रेती होती. दुसरी बाटली उघडली, त्यातही रेती. तिसरीत जरा लालसर. प्रत्येक बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर काकूंच्या अक्षरात गावाचं नाव. अशा बाटल्या फडताळाच्या पार मागच्या भिंतीपर्यंत होत्या. मी चुलीपुढे तशीच उभी राहिले. 

काकू आल्या, कढई पाहिली आणि लाजल्या. म्हणाल्या, "ह्यांचे कपडे धुवायच्या आधी मी झटकते ना, बेटा. विजारीच्या दुमडीत येते थोडी. फेकवत नाही." मी विचारलं, तुम्हाला जायचं नाही का कधी? "मला कोण नेतं? ते म्हणतात, दोघं गेले की बोलत बसतात, मग पाण्यावर ध्यान राहत नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता तर गुडघ्यानं सौराष्ट्राची बस जमायचीच नाही. एक वखत नुसता बघायचा होता. तसा मी समुद्र बघितलेलाच नाही."

बडोद्यासारख्या गावात जन्म काढलेली, समुद्रावर जाणाऱ्या माणसाशी संसार केलेली ही बाई, आणि तिनं समुद्र पाहिलेला नाही. मला काकांचा इतका राग आला की संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडलेच. भाडेकरूला शोभणार नाही इतकी भांडले. काका ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "गुडघ्याचं काय करशील?" त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी नकाशा काढला. सौराष्ट्र कशाला हवं? खंभातचं आखात गाडीनं अडीच तासांवर. माझी जुनी गाडी आहे. पौर्णिमेला सकाळी निघू, काकू मागच्या सीटवर पाय लांब करून बसतील.

काका नकाशाकडे बघत राहिले. आखातात ते कधी गेले नव्हते. "तिकडे चिखल असतो," एवढंच म्हणाले. मग काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, "सारुं, बरं. जाऊ." काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि बाटली विसळल्याचा आवाज आला.

म्हणजे जे झालं ते माझ्या नकाशामुळे झालं. हे मी आधीच सांगून टाकते.

पौषातली पौर्णिमा होती. किनाऱ्याजवळच्या गावात काकांनी नियमाप्रमाणे टपरीवर चहा घेतला, आधारकार्ड दाखवलं, तिघांचे मोबाईल दिले. चहावाला म्हणाला, "पाणी हजु चढशे हों, काका. चारेक वागे पूरुं भराशे." पाणी अजून चढेल, चारच्या सुमाराला पूर्ण भरेल. एक वाजायला आला होता. काका प्रेमानं हसले, वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं की हसत असतील तसे. "पूनम छे, भाई. सवा अगियारे भराई गयुं." पौर्णिमा आहे, सव्वाअकरालाच भरून झालं. चहावाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काकांच्या बाजूनं मान हलवली. का हलवली? काका गणिताचे शिक्षक होते आणि तो चहावाला होता, दुसरं काही कारण नाही.

बांधापाशी गाडी लावून आम्ही उतरलो. आधी काळसर चिखलाचा एक सखल ओघळ, घोटाभर पाण्याचा, आणि त्याच्या पलीकडे कोरड्या रेतीचा लांब उंचवटा. त्याच्यापुढे, बरंच लांब, पाणी. "बघ," काका मला म्हणाले, "पावणेदोन तासांत किती उतरलं." काकूंना दोन्ही बाजूंनी धरून आम्ही ओघळ पार केला. रेतीवर आल्यावर त्यांनी आमचे हात सोडवले आणि एकट्या पाण्याच्या दिशेनं निघाल्या. पाण्याच्या जरा अलीकडे त्यांनी चपला काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा, शेजारी शेजारी. आणि पदर डोक्यावर घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. काका बांबू रोवत होते. बांबू रोवता रोवता ते थांबले आणि बायकोकडे बघत राहिले. असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ताडपत्री बांधून झाली, स्टोव्ह पेटला, रताळी पातेल्यात गेली. काकू येऊन सावलीत पाय पसरून बसल्या. दोघं बोलत बसली. काय बोलत होती मला माहीत नाही, मी मुद्दाम लांब होते. मग काकूंचा आवाज आला.

"अहो, माझी चप्पल."

चपला होत्या तिथं पाणी होतं. एक चप्पल त्यावर गोल फिरत होती, दुसरी दिसत नव्हती.

काकांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. "दोन वाजलेत. ओहोटी आहे."

"ओहोटी असेल. पण चप्पल निघाली."

"लाट आली असेल एखादी." लाट आलीच नव्हती. तिथं लाटाच नव्हत्या. तपकिरी, सपाट पाणी आवाज न करता रेतीवरून सरकत होतं, चालत्या माणसाच्या वेगानं. आमच्या कृष्णेला चढायला दोन दिवस लागतात. माणसं भांडी वर काढतात, जनावरं सोडतात, मग पाणी येतं. मी मागे वळून बघितलं आणि किंचाळले. आम्ही घोटाभर पाण्यातून आलो तो ओघळ भरला होता. आधी तोच भरला होता. बांध आणि आमच्यामध्ये आता पाणीच पाणी होतं आणि ते डावीकडून उजवीकडे वाहत होतं.

आणि काका? काका जागचे हलले नाहीत. मला जन्मात इतका धक्का बसलेला नाही, अजूनही आठवलं की बसतो. पाणी त्यांच्या पावलांवरून गेलं, स्टोव्ह फुस्स करून विझला, आणि हा माणूस बोटांवर मोजत होता. "पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा." मी त्यांना गदागदा हलवलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पण हे बराबर आहे, बेटा."

काकू उठता येत नसताना बांबूला धरून उठल्या आणि ताडपत्रीची गाठ सोडू लागल्या. "तुमचं गणित राहू द्या. मला हिच्यात घाला आणि ओढा."

"फाटेल ती," मी म्हणाले.

"काय फाटते! चाळीस वर्षं पाणी मी ओतते आहे. मला खबर आहे ती गळत नाही."

ताडपत्रीचं नाव निघालं तेव्हा काका जागे झाले. त्यानंतर त्यांनी एक शब्द बोलण्यात घालवला नाही. काकूंना मधोमध निजवलं, चारही कोपरे वर उचलून दोरीनं आवळले, दोन त्यांनी धरले, दोन मी. ओघळात पाणी आधी मांड्यांना, मग माझ्या छातीला लागलं. पायाखाली चिखल. दोनदा काकांचा पाय सुटला आणि दोन्ही वेळा मला वाटलं, संपलं. काकू उताण्या पडून आभाळाकडे बघत होत्या. त्यांनी एका हातानं काकांचं मनगट धरलं होतं आणि दुसऱ्या हातात घरून विसळून आणलेली ती रिकामी बाटली होती. मी रडत होते, मोठ्यानं, लहान मुलासारखी. बांधावरून चहावाला दोरी घेऊन धावत आला आणि शेवटची दहा पावलं त्यानंच आम्हाला ओढलं.

बांधावर बसलो. काकूंची पाठ कोरडी होती. बांबू, स्टोव्ह, पातेलं, केरसुणी, सगळं गेलं होतं, आणि रेतीचा उंचवटाही दिसत नव्हता. चहावाल्यानं आमचे मोबाईल आणून दिले. त्यात बघितलं. भरती चारला. आखात लांब आणि चिंचोळं, समुद्राची भरती त्याच्या आतल्या टोकाकडे पोचायला तासन्‌तास घेते. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. कोकणातलं गणित कोकणात खरं होतं. सौराष्ट्रात मोकळ्या समुद्रावर ते जवळपास जमत होतं, आणि तिथं पाणी चढतंच थोडं, म्हणून उरलेली चूक कधी दिसली नव्हती. मी मोबाईल काकांपुढे धरला. त्यांनी बघितलं आणि परत दिला.

"आजोबांनी वडिलांना शिकवलं," ते म्हणाले. "वडिलांनी मला. मी शाळेतल्या पोरांना शिकवलं." मग त्यांनी काकूंकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "ही गेली असती. माझ्या हातानं."

मी म्हणाले, नकाशा मी काढला होता, काका. त्यांना ते ऐकूही गेलं नाही.

काकू मात्र घरी यायला तयार नव्हत्या. "आलोच आहोत तर चंद्र वर येऊ दे," म्हणाल्या. चार वाजता पाणी थांबलं, आणि मग उतरू लागलं. संध्याकाळी पाठीमागून चंद्र आला. काकूंनी बांधाच्या पायथ्याचा ओला, काळा गाळ बोटांनी काढून बाटलीत भरला. घरी आल्यावर तिच्यावर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर गावाचं नाव नव्हतं. "मी आणलेली," एवढंच होतं.

काकांनी पाढे बंद केले. जेवायला बसत आणि गप्प जेवत. माघाची पौर्णिमा आली, गेली. फाल्गुनाचीही गेली. ताडपत्री अंगणात स्कूटरवर झाकण म्हणून टाकलेली दिसली. भाजीला गेले की पहिली हाताला लागेल ती भाजी घेऊन येत. एकदा कोथिंबीर आणली, सकाळी आणली आणि दुपारी मान टाकलेली. रेती संपली तशी भांडीही साबणानं घासली जाऊ लागली. मी काकूंना म्हटलं, माझ्या डोक्यातून हे निघालं नसतं तर बरं झालं असतं. काकू म्हणाल्या, "तुझं डोकं नसतं तर मी बघितला नसता." पण त्यांनाही करमत नव्हतं. फडताळ उघडून उभ्या राहिलेल्या मला दोनतीनदा दिसल्या.

चैत्रात एकदा मी कामावरून लवकर परतले. हातात भाजीची पिशवी. अंगणाचं दार ढकललं आणि पुन्हा तेच: फरशीवर उताणं कुणी तरी, डोक्यापासून घोट्यापर्यंत निळी ताडपत्री, पावलं बाहेर. पण पावलांत जोडवी होती. गुडघ्यामुळे कित्येक वर्षं जमिनीवर न बसलेल्या काकू त्या फरशीवर कशा आडव्या झाल्या असतील, देव जाणे. शेजारी काका भरलेली बादली नुसती धरून उभे होते.

"ओता ना," ताडपत्रीखालून आवाज आला.

"नको ग. ऊठ."

"उद्या पौर्णिमा आहे."

"मला खबर आहे."

"मग ओता. चहावाल्याला फोन केला होता मी. तो म्हणाला चारला भरतं, साडेपाचनंतर या."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्यांनी बादली उचलली, आणि ओतली.

पाणी फरशीवरून वाहत मोरीकडे गेलं.  मग काकूंचा आवाज आला.

"अजून एक. डाव्या खांद्यावर बराबर नाही पडलं."